पिवळी वायर कुठे लावायची?

गेल्या दिवाळीत शिरूरच्या घरी नवीन टीव्ही आला. ४३ इंची, फोर-के, भिंतीवर टांगायचा. बसवणारा मुलगा पाऊण तासात काम उरकून गेला आणि मग आण्णांनी जुना डीव्हीडी प्लेयर पुसून आणला. टीव्हीच्या मागे हात घालून बराच वेळ चाचपलं आणि विचारलं, "पिवळी वायर कुठे लावायची रे?"

पिवळी, लाल, पांढरी. तुम्ही नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतर लगेच जन्मला असाल, तर या तीन रंगांचा क्रम तुम्हाला पाठ असेल. पिवळीतून चित्र, लाल-पांढरीतून आवाज. नव्या टीव्हीला ती भोकंच नव्हती. होती ती एचडीएमआय आणि यूएसबी.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वायरीची जबाबदारी आपोआप माझी. "आता कोण सीडी लावतंय?" असं म्हणून मी विषय संपवला. पण आठवड्याभरात दौंडहून आत्याचा फोन आला. "मेमध्ये ताईचं लग्न आहे. हळदीच्या दिवशी माझ्या लग्नाची सीडी लावायची म्हणतेय ती. आमचा प्लेयर केव्हाच बिघडला. तुमचा चालतो ना? नाहीतर नवीन घे एक, पैसे मी देते."

आत्याचं लग्न १९९९ सालचं. शूटिंग व्हीएचएस कॅसेटवर झालं. २००५ च्या सुमारास दौंडमधल्या एका दुकानातून त्याच्या दोन सीडी करून घेतल्या आणि बुरशी लागलेली कॅसेट फेकून दिली. त्या सीडीत काय आहे हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. शूटिंगवाल्याने तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवली होती, खरा आवाज पुसून. फक्त घाणा भरतानाची चारेक मिनिटं त्याच्या हातून तशीच सुटली. त्यात आजी जात्यावर हळद दळताना ओव्या म्हणते. आजी २०११ मध्ये गेली. तिच्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही.

म्हणजे प्रश्न साधा होता. नव्या टीव्हीसाठी नवा प्लेयर घ्यायचा का? उत्तर शोधायला मला मागे, पार सिंहगडापर्यंत जावं लागलं.

६२५ रेषा

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबईचे कार्यक्रम पुण्याकडे दिसू लागले. शिरूर आणि दौंड सिंहगडापासून बरेच लांब. आण्णा सांगतात, गावात पहिला टीव्ही आला तेव्हा अँटेना इतकी उंच बांधली होती की वारं सुटलं की एकाला तिचा पाइप धरून उभं राहावं लागे.

भारताने घेतलेली पद्धत पाल. यात एक चित्र ६२५ आडव्या रेषांचं, त्यातल्या ५७६ रेषा प्रत्यक्ष दिसणाऱ्या. सेकंदाला २५ चित्रं; पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत. आधी १, ३, ५ अशा विषम रेषा, मग २, ४, ६ अशा सम. डबा टीव्हीची काच फॉस्फरच्या चमकेने हे दोन हप्ते डोळ्यांत मिसळून टाकायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिच्यावरच सगळं अडणार आहे.

१९८२ मध्ये एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रसारण आलं. त्याच दशकात व्हिडिओ आला. 'व्हिडिओ आणणे' हा आमच्याकडे एक स्वतंत्र वाक्प्रचार होता. व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेट एका रात्रीच्या भाड्याने आणायच्या, वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत अंगणात बसायचं. सिनेमावाल्यांना याचा धसका इतका बसला की १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ फिल्मही त्याच्या कक्षेत आणावी लागली. पायरसी तरीही थांबली नाही. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी केलेल्या महाराष्ट्राच्या एमपीडीए कायद्यात २००९ मध्ये 'व्हिडिओ पायरेट' हेही जोडले गेले.

व्हीएचएस १९७६ मध्ये जपानच्या जेव्हीसीने बाजारात आणलं. त्याची आडवी सुस्पष्टता साधारण २४० रेषांची, म्हणजे प्रक्षेपणापेक्षाही कमी. आत्याचं लग्न जन्मालाच आलं ते इतक्या तपशिलासह. त्यापुढे कितीही भारी यंत्र लावलं, तरी यात भर पडणार नव्हती.

सीडी, म्हणजे व्हीसीडी

आमच्या घरात सगळ्याच चकत्यांना 'सीडी' म्हणतात. गाण्यांची सीडी, पिक्चरची सीडी, लग्नाची सीडी. पण पिक्चरची ती सीडी म्हणजे व्हीसीडी. तिचं प्रमाणीकरण १९९३ मध्ये झालं, आणि त्याच वर्षी चीनमधल्या वानयान नावाच्या कंपनीने व्हीसीडी प्लेयर काढला. अमेरिकेने हा टप्पा जवळजवळ ओलांडूनच टाकला. तिथले लोक कॅसेटवरून थेट डीव्हीडीवर गेले. चीन, आग्नेय आशिया आणि भारत मात्र व्हीसीडीवर बसले. कारण सरळ होतं. चकती छापायला स्वस्त, प्लेयर स्वस्त आणि कॅसेटसारखी फीत अडकण्याची भानगड नाही.

व्हीसीडीत चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. ५७६ ची बरोबर निम्मी म्हणजे २८८. दोन हप्त्यांतला एक हप्ता टाकूनच दिलेला. एका चकतीत ७४ मिनिटं मावायची, म्हणून तीन तासांचा हिंदी सिनेमा तीन चकत्यांत यायचा आणि मध्यंतर सिनेमात नसलेल्या जागी व्हायचं. 'माहेरची साडी'त बायका रडत असताना ऐन वेळी उठून चकती बदलायचं काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे असे. मी ते इमानाने केलं आहे.

आणखी एक तडजोड होती. संगणकाच्या डेटा सीडीत चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहितीचा एक थर असतो. व्हीसीडीत चित्राच्या भागातून तो थर काढून ती जागा चित्रालाच दिली आहे. ओरखडा गेला तर चित्राचे चौकोन होतात, पुढे चालू राहतं. सिनेमासाठी हे ठीक. पण ज्याची दुसरी प्रत नाही, त्याच्यासाठी हा सौदा महाग पडतो.

२८ आणि ३४ रुपये

डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये आली. आपल्या पालसाठी ७२० गुणिले ५७६ ठिपके, एका थरात ४.७ जीबी. अख्खा सिनेमा एका चकतीत. शिवाय जग सहा भागांत वाटलेलं. भारत पाचव्या भागात, त्यामुळे अमेरिकेतून आणलेली चकती इथल्या प्लेयरने नाकारावी अशी रचना. आपल्याकडच्या स्वस्त प्लेयरनी ही रचना फारशी मनावर घेतली नाही, हा भाग वेगळा.

सुरुवातीला मूळ डीव्हीडी परवडायची नाही. मग नोएडाच्या मोझर बेअर या, कोऱ्या चकत्या बनवणाऱ्या कंपनीने सिनेमांचे हक्क घेतले आणि २००७ च्या आसपास २८ रुपयांना व्हीसीडी, ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली. शिरूरच्या बाजारात, एसटी स्टँडजवळ, किराणा दुकानात बिस्किटांच्या शेजारी या चकत्या टांगलेल्या मी पाहिल्या आहेत. चोरीच्या चकतीशी किमतीत बरोबरी करणारी मूळ चकती ही मोठीच गोष्ट होती. आमचा प्लेयर त्याच काळातला. ती लाट फार काळ टिकली नाही. स्वस्त इंटरनेट आलं, चकती मागे पडली, आणि २०१८ मध्ये मोझर बेअर दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात गेली.

रांजणगाव

पुणे-नगर रस्त्यावर शिरूरच्या अलीकडे रांजणगाव आहे. अष्टविनायकांतल्या महागणपतीचं आणि एमआयडीसीचं. या एमआयडीसीत एलजीने २००४ मध्ये भारतातला आपला दुसरा कारखाना सुरू केला. फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्याबरोबर टीव्हीही इथे बनतात. २००४ मध्ये जगभर डबा टीव्हीच जास्त खपत होते. पुढच्या दहा वर्षांत ते गेले आणि चपटे आले. हा बदल जगाने दुकानात पाहिला, आमच्या तालुक्याने शिफ्टच्या बसमधून पाहिला. माझ्या शाळेतली निम्मी मुलं कधी ना कधी या एमआयडीसीत कंत्राटी कामाला जाऊन आली आहेत.

चपट्या टीव्हीबरोबर एचडी आलं. भारतात त्याची चर्चा खऱ्या अर्थाने २०१० मध्ये झाली, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी, जेव्हा दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण केलं. पुणे शहरातलं केबल ३१ मार्च २०१३ च्या मुदतीने डिजिटल करायचं ठरलं. शिरूर-दौंडसारख्या भागांची पाळी त्यानंतरच्या टप्प्यांत आली. म्हणजे टीव्ही एचडी आणि त्यात येणारं चित्र मात्र जुनंच, अशी काही वर्षं आमच्याकडे गेली.

चकत्यांच्या जगात तोवर एक लढाई होऊन गेली होती. एका बाजूला सोनी आणि मंडळींची ब्लू-रे, दुसऱ्या बाजूला तोशिबाची एचडी डीव्हीडी. १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबाने माघार घेतली. जिंकलेल्या ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतात. पण शिरूरच्या बाजारात ब्लू-रे चकती मी एकदाही पाहिलेली नाही. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि तो प्रश्नच मिटला. पुढे प्लेयर बनवणारेही एकेक करून बाहेर पडले: ओप्पो २०१८ मध्ये, सॅमसंग २०१९ मध्ये, आणि २०२४ च्या अखेरीस एलजीनेही ब्लू-रे प्लेयर थांबवल्याच्या बातम्या आल्या. आमच्या तालुक्यात टीव्ही बनवणारी कंपनीच त्याला लावायचा प्लेयर बनवेनाशी झाली होती.

हिशोब

आता आत्याचा प्रश्न. मी नेहमीप्रमाणे एक्सेल उघडलं.

व्हीसीडीच्या एका चित्रात १,०१,३७६ ठिपके. डीव्हीडीत ४,१४,७२०. फुल एचडी टीव्हीत सुमारे २०.७ लाख आणि आमच्या नव्या फोर-के टीव्हीत सुमारे ८३ लाख. म्हणजे आत्याच्या लग्नातला एक ठिपका या टीव्हीवर जवळजवळ ८२ ठिपके व्यापणार. उरलेले ८१ ठिपके टीव्हीने शेजारी बघून अंदाजाने रंगवायचे. याला अपस्केलिंग म्हणतात. अंदाज चांगला असू शकतो, वाईट असू शकतो. पण नवी माहिती त्यातून येत नाही. आजीच्या लुगड्याचा काठ १९९९ मध्ये कॅसेटवर उमटला नसेल, तर तो आता उमटणार नाही.

पर्याय चार होते.

पहिला, चार-पाचशे रुपयांचा डबीएवढा कन्व्हर्टर. पिवळी वायर आत, एचडीएमआय बाहेर. हा मी आणून पाहिला. पिवळ्या वायरीत रंग आणि उजेड एकाच तारेतून मिसळून जातात आणि पुन्हा वेगळे करताना कडांवर मुंग्या चालल्यासारखं दिसतं. डबा टीव्हीच्या मऊ काचेवर हे खपून जायचं. इथे प्रत्येक मुंगी मोजता येत होती. आण्णा म्हणाले, "जुन्या टीव्हीवर बरं दिसायचं की रे." त्यांचं बरोबर होतं. टीव्ही सुधारला तसं जुनं चित्र बिघडलं.

दुसरा, एचडीएमआय असलेला नवा डीव्हीडी प्लेयर. यात चित्र शेवटपर्यंत डिजिटल राहतं, मुंग्या जातात, सम-विषम हप्ते प्लेयरच जोडून देतो. ज्यांच्याकडे सिनेमांच्या डीव्हीडींचा चांगला साठा आहे, त्यांनी हा जरूर घ्यावा, फरक दिसतो. व्हीसीडीत मुळात एकच हप्ता असल्यामुळे जोडण्यासारखं काही नसतं.

तिसरा, ब्लू-रे प्लेयर. याला तीन लेझर लागतात: सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० चा, ब्लू-रेसाठी ४०५ चा. महागडा, म्हणून सगळं वाजवेल असा आत्याचा समज. पण ब्लू-रे प्लेयरने व्हीसीडी वाजवलीच पाहिजे असं बंधन नाही आणि बरेच वाजवत नाहीत. पैसे जास्त देऊन नेमकी आपली चकतीच न चालण्याची शक्यता यात सर्वांत मोठी.

चौथा पर्याय मी चकती हातात घेतल्यावर सुचला.

चकतीच्या पाठीवर

दुकानदाराने दोन्ही चकत्यांवर काही लिहिलं नव्हतं. आण्णांनी लिहिलं होतं. बॉलपेनने, दाबून: 'लग्न १' आणि 'लग्न २'.

सिनेमाची चकती कारखान्यात छापतात. तिच्यात खड्डे दाबलेले असतात. घरी किंवा दुकानात लिहिलेल्या चकतीत रंगद्रव्याचा थर असतो, लेझरने तो ठिकठिकाणी जाळतात. ऊन आणि उष्णता या रंगद्रव्याला खातात. शिवाय डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लास्टिक थरांच्या मध्ये सुरक्षित असतो, पण सीडीत तो लेबलच्या बाजूला, लाखेच्या पातळ थराखाली असतो. आपण खालची चकचकीत बाजू जिवापाड जपतो आणि नाजूक बाजूवर बॉलपेनने लिहितो. आण्णांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी ती चकती जपण्यासाठीच तिच्यावर नाव घातलं होतं.

म्हणजे प्रश्न प्लेयरचा नव्हताच. चकती वीस वर्षांची झाली होती आणि आपण कुठला प्लेयर घ्यायचा यावर बोलत होतो.

या वेळी मला दोन गोष्टी आठवल्या. पहिली 'संत तुकाराम'. प्रभातने पुण्यात १९३६ मध्ये केलेला हा सिनेमा. फिल्मवरच्या चित्रात इतका तपशील असतो, की चांगली प्रत शिल्लक असेल तर आजही ती नव्याने स्कॅन करून एचडी किंवा फोर-के करता येते. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं ते यासाठीच, आणि जानेवारी २००३ च्या आगीत तिथल्या नायट्रेट फिल्म जळाल्या तेव्हा हळहळ झाली तीही यासाठीच. थोडक्यात, १९३६ चा सिनेमा १९९९ च्या लग्नापेक्षा स्पष्ट दिसू शकतो. काळ जुना-नवा असण्याशी याचा संबंध नाही, कशावर उतरवलं याच्याशी आहे.

दुसरी गोष्ट ओव्यांची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. शिरूर तालुक्यातल्या सविंदणेच्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत. नव्वदच्या दशकात त्यातल्या काहींचं ध्वनिमुद्रण झालं, मग ते संगणकावर गेलं आणि अलीकडे 'पारी'च्या संकेतस्थळावर आलं. माझ्या फोनवर आज त्या बायकांचा आवाज ऐकू येतो, कारण दर टप्प्यावर कुणीतरी तो जुन्या वस्तूतून काढून नव्या वस्तूत ठेवला. आमच्या आजीसाठी ते काम एकदाच झालं, २००५ मध्ये, दौंडच्या दुकानात. दुसऱ्यांदा करायची पाळी माझी होती.

काय केलं

प्लेयर घेतला नाही. लॅपटॉपला यूएसबीने लागणारा डीव्हीडी ड्राइव्ह घेतला, हजार-बाराशेचा. व्हीसीडी संगणकात घातली की 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात डॅट फाइल. 'लग्न १' अकरा मिनिटांत उतरली. 'लग्न २' चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास अडली. ड्राइव्ह घुरघुरत राहिला आणि कॉपी थांबली.

प्लेयर अशा जागी उडी मारून पुढे जातो. मला उडी नको होती. एकेक सेक्टर पुन्हा पुन्हा वाचणारं सॉफ्टवेअर लावलं, वेग कमीत कमी केला आणि रात्रभर ठेवलं. सकाळी बहुतेक सेक्टर आले होते. उरलेल्यांसाठी मित्राचा जुना डेस्कटॉप ड्राइव्ह आणला. प्रत्येक ड्राइव्हच्या लेझरची नजर थोडी वेगळी असते. त्याने आणखी काही वाचले. शेवटी सगळं मिळून अकरा सेकंदांचं चित्र कायमचं गेलं. त्यातले सात सेकंद वऱ्हाडाच्या जेवणाचे आहेत. चार आजीच्या ओवीतले.

मेमध्ये आम्ही दौंडला गेलो. दोन्ही चकत्या मिळून दीड जीबीही नाहीत. पेनड्राइव्ह आत्याच्या टीव्हीला लावला. चित्र ताणून पूर्ण पडदाभर केलं नाही, मध्यभागी चौकोनी आणि लहानच ठेवलं. लांबून बघितल्यावर ते बरं दिसत होतं. हळद लावायला आलेल्या बायका थांबून बघत होत्या, कोण कोण आता नाही ते मोजत होत्या. घाणा आला तेव्हा आत्याने आवाज वाढवायला सांगितलं. चार सेकंद आले तिथे चित्र थिजलं, आवाज तुटला आणि आजी पुढच्या ओळीवर निघून गेली.

"इथं काय झालं?" आत्याने विचारलं.

"सीडी खराब झाली होती, आत्या. तेवढं नाही निघालं."

तिने तो तुकडा परत लावायला सांगितला. दुसऱ्या वेळी ते चार सेकंद आले तेव्हा थिजलेल्या चित्रावर तिने ती गेलेली ओळ स्वतःच म्हटली. तिला ती पाठ होती. ताईने ते फोनवर रेकॉर्ड केलं.

आता तीन ठिकाणी प्रती आहेत: आण्णांच्या कपाटात, आत्याकडे आणि माझ्या क्लाउडवर. दर पाच वर्षांनी त्या उघडून बघायच्या असं कॅलेंडरवर टाकलं आहे. तुमच्या घरी टीव्हीच्या कपाटात, जुन्या पावत्यांखाली अशी एखादी चकती असेल तर प्लेयरच्या किमती बघत बसू नका. येत्या रविवारी ती वाचून घ्या. आणि तिच्यावर बॉलपेनने काही लिहू नका.